खापर, देग आणि कुकर
रमजानच्या स्वयंपाकघरात काय घ्यावे, काय राहू द्यावे

रमजानचा चांद दिसण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून बाजाराची चाल बदलते. किराणा दुकानात खजुराची खोकी पुढे येतात, बेसनाची पोती फुटतात, शेवयांचे पुडे टांगले जातात. त्याच सुमारास भांड्यांच्या दुकानांतही वर्दळ वाढते. कुणाला कुकरचे रबर हवे असते, कुणाला नवी कढई, कुणाच्या डोक्यात मोबाइलवर पाहिलेले एखादे नवे यंत्र घोळत असते. दिवाळीच्या आधी चकलीचा सोऱ्या शोधणाऱ्या घरांत जी लगबग असते, तीच इथेही.

या महिन्यात स्वयंपाकघराचे वेळापत्रक पार उलटे होते. पहाटे फजरच्या आधी सहरी, मग दिवसभर चूल थंड आणि दुपारनंतर इफ्तारची धावपळ. सूर्यास्ताची वेळ मिनिटावर ठरलेली असते. भजी पाच मिनिटे उशिरा तळली तर चालेल, असे त्या दिवसात म्हणता येत नाही. शिवाय स्वयंपाक करणारीचाही रोजा असतो. बहुतेक जणी मीठ-तिखट चाखून पाहत नाहीत; हाताच्या अंदाजावर आणि अल्लाहच्या भरवशावर सालन उतरवतात. अशा महिन्यात हाताशी असलेले साधन चांगले की वाईट, यावर बाईची तासभर झोप अवलंबून असते. म्हणून स्वयंपाकघरातल्या साधनांचा विचार करायला याहून योग्य महिना नाही, आणि तो केवळ मुस्लिम घरांपुरता नाही.

दोन चवींच्या सीमेवरचे गाव

या विचारासाठी फर्दापूर हे गाव बरे. अजिंठ्याचा घाट उतरला की लागणारे सोयगाव तालुक्यातले हे गाव. घाटाच्या वर मराठवाडा, खाली तापीच्या खोऱ्याकडे उतरणारा खानदेश. साहजिकच इथल्या चुलीवर दोन्हीकडची चव नांदते. एका बाजूने जळगावकडचे भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि खापरावरचे मांडे; दुसऱ्या बाजूने छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा लष्करासाठी मोठ्या प्रमाणावर शिजणारा हा पदार्थ दख्खनेत रुजला, असे सांगतात.

फर्दापूरला पाहुण्यांचे आणि त्यांच्या जेवणाचे नवल नाही. मोगल काळातली सराई इथे उभी आहे. सराई म्हणजे उतरणाऱ्यांचा मुक्काम, आणि जिथे मुक्काम तिथे चूल. पुढे १९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या, तेव्हा तिचा तळ फर्दापूरलाच पडला होता. कोलकात्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे तरुण चित्रकार आले होते आणि निजामाच्या हैदराबाद राज्याकडून सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन हे दोघे. ही मंडळी रोज लेण्यांत जाऊन काम करीत. ज्या चित्रांच्या नकला ते करीत होते, त्यांतले रंगही मुळात दगडावर वाटूनच तयार झालेले: गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि दूर अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. पाटा-वरवंट्याशी मराठी माणसाचे नाते किती जुने, हे सांगायला एवढे पुरे.

आज याच रस्त्याने देशोदेशीचे पर्यटक जातात, पण घरातला मिक्सर बिघडला तर फर्दापूरच्या माणसाला बहुधा सिल्लोड, जळगाव किंवा थेट संभाजीनगर गाठावे लागते. ही गोष्ट साधन विकत घेताना विसरून चालत नाही.

घेण्याआधी तीन प्रश्न

ईदची खरेदी म्हणून घरात एखादे यंत्र येते. ते आणणारा एक असतो आणि वापरणारी दुसरी. चार दिवस कौतुक होते, पाचव्या दिवशी ते धुवायला अवघड म्हणून बाजूला पडते आणि बकरी ईदपर्यंत माळ्यावर जाते. हे सर्व धर्मांच्या माळ्यांवर सारखेच दिसते. म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. महिन्यातून किती वेळा वापरले जाईल? धुणार कोण आणि किती वेळात? बिघडले तर दुरुस्ती कुठे? आणि या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जिला रोज वापरायचे आहे तिने द्यावीत. तिच्या हाताला, गुडघ्याला, ओट्याच्या उंचीला काय मानवते ते तिलाच ठाऊक. आणणाऱ्याचे प्रेम खरे असले तरी निवड तिची असावी.

कुकर : शिट्ट्या मोजू नयेत

घरात एकच नवी वस्तू घ्यायची असेल तर ती चांगला प्रेशर कुकर असावी. डेनिस पापिन या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर हाडे मऊ करणारे भांडे दाखवले, तोच आजच्या कुकरचा पूर्वज. आपल्याकडे १९१० च्या सुमारास बंगालचे इंदुमाधव मल्लिक यांनी थरांचा ‘इकमिक कुकर’ काढला. तो वाफेवर चालत असे, मात्र दाबाचा नव्हता. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत शिट्टीचा आवाज ही भारतीय सकाळची ओळख झाली.

कुकरचे काम सोपे आहे. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या आसपास उकळते आणि त्याहून गरम होत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापते. एवढ्या वीस अंशांनी डाळ आणि मटण शिजण्याचा वेळ निम्म्याहून कमी होतो. सहरीला तीन वाजता उठायचे की चार वाजता, हे या वीस अंशांवर ठरते.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आयएसआय चिन्ह. घरगुती कुकरसाठी भारतीय मानक आयएस २३४७ आहे. कुकरवर किंवा खोक्यावर ते नसेल तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसरी, तळ जाड असावा. तिसरी, रबर, शिट्टी आणि सुरक्षा झडप हे सुटे भाग जवळच्या दुकानात मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे. कुकर पंधरा वर्षे टिकतो, रबर मात्र दोन वर्षेही टिकत नाही.

वापराबद्दल दोन गैरसमज घरोघरी आहेत. एक म्हणजे शिट्ट्या मोजणे. पहिली शिट्टी झाली की आत पुरेसा दाब आला. त्यानंतर आच बारीक करून घड्याळ पाहावे. मोठ्या आचेवर धडाधड सात शिट्ट्या झाल्याने मटण लवकर शिजत नाही; वाफ आणि गॅस मात्र जातो. दुसरा म्हणजे गच्च भरणे. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि फेसाळणाऱ्या डाळी किंवा हलीमचे गहू असतील तर निम्म्यावर थांबावे. फेस वाफेच्या भोकात अडकला की धोका तिथूनच सुरू होतो. रोज कुकर लावण्याआधी ते भोक उजेडाकडे धरून पाहायला एक क्षण लागतो.

पहाटे झोपेत गॅस पेटवणाऱ्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. शेगडीची नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर मुदत छापलेली असते. रमजानच्या तयारीत नवी कढई येण्याआधी ही नळी बदलली गेली पाहिजे. आणि उठल्यावर गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नये. आधी खिडकी-दार उघडावे, रेग्युलेटर बंद करावा.

मिक्सर की पाटा?

भारतीय मिक्सरची गोष्ट एका घरातूनच सुरू होते. सत्यप्रकाश माथूर हे मुंबईतले अभियंते. त्यांच्या पत्नी माधुरी वापरत होत्या तो परदेशी मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही, त्याची मोटर जळाली. ओले खोबरे, सुक्या मिरच्या, भिजवलेली डाळ, हळदीचे कुडके अशा माऱ्यासाठी तो बनलेलाच नव्हता. माथूरांनी आपल्या वाटणाला पुरेल असे यंत्र तयार केले, १९६३ मध्ये कंपनी उभारली आणि ‘सुमीत’ हे नाव पुढे मिक्सरचेच दुसरे नाव झाले. साधन कुठल्या पदार्थासाठी घडले आहे हे पाहूनच ते घ्यावे, हा या गोष्टीचा धडा.

चार-पाच माणसांच्या घरात चटणी आणि थोडे वाटण एवढेच काम असेल तर ५०० वॅटचा मिक्सर पुरतो. डाळी, इडलीचे पीठ, सुके मसाले रोज वाटायचे असतील तर ७५० वॅटचा घ्यावा. भांडी तीन असली की झाले. सात भांड्यांच्या संचातली चार भांडी कधीच खोक्याबाहेर येत नाहीत. मिक्सर मध्येच बंद पडला की बरेच जण तो जळाला समजून दुरुस्तीला नेतात. बहुतेक मिक्सरच्या तळाला एक लहान बटण असते. भार जास्त झाला की ते बाहेर येते आणि मोटर वाचते. वायर काढून दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यावे, भांड्यातले वाटण कमी करावे, बटण आत दाबावे. सिल्लोडची एक फेरी वाचते.

तरीही पाटा-वरवंटा घरात असू द्यावा. मिक्सरची पाती जिन्नस कापतात, वरवंटा चिरडतो. कापलेल्या आले-लसणाची आणि चिरडलेल्या आले-लसणाची चव एक नसते, हे कुठल्याही जुन्या स्वयंपाकिणीला विचारावे. पण अडीचशे ग्रॅम शामी कबाबचे वाटण पाट्यावर करायला लावणे हे चवीचे प्रेम नसून दुसऱ्याच्या कमरेवर अन्याय आहे. ज्यांना पाट्याची चव हवी, त्यांनी पाट्यापाशी बसावे.

हलीमचे मात्र वेगळे. शिजलेले मटण आणि गहू मिक्सरमध्ये फिरवले की त्याची चिकट लापशी होते. लाकडी घोटण्याने घोटले की मटणाचे तंतू सुटतात, पण तुटत नाहीत. डाळीसाठी आपण जी लाकडी रवी वापरतो, तिचाच हा थोराड भाऊ. आठवडी बाजारात सुताराकडे मिळतो, वीज लागत नाही, दुरुस्ती नाही. या यादीतली सगळ्यात किफायतशीर खरेदी हीच.

तवा, कढई आणि खापर

भाकरीसाठी लोखंडी किंवा बिडाचा तवा, हे सांगायला नको. नवा बिडाचा तवा आणला की घासून धुवावा, कोरडा करावा, तेलाचा पातळ हात फिरवून मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवावा, थंड करावा. असे चार-पाचदा केले की वर काळी तुकतुकीत साय धरते आणि मग धिरडेही चिकटत नाही. पुढे तो साबणाने फार घासू नये, ओला ठेवू नये, त्यात चिंचेचे किंवा टोमॅटोचे आंबट शिजवून रात्रभर ठेवू नये. एवढे सांभाळले तर तो नातवंडांना पुरतो.

न चिकटणाऱ्या लेपाचा तवा वाईट नाही, पण त्याची वये लहान असतात. त्यावरचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे टिकत नाही. रिकामा तवा मोठ्या गॅसवर विसरला तर एवढी उष्णता काही मिनिटांतच होते आणि त्यातून निघणारा धूर चांगला नसतो. पोपडे निघालेला तवा टाकून द्यावा. अंड्याचे आमलेट, धिरडी यांसाठी एक छोटा पुरे. बाकी सगळे लोखंडाला करू द्यावे.

इफ्तारच्या तळणासाठी खोल, जाड लोखंडी कढई आणि लांब दांड्याचा झारा हवा. जाड कढई तापायला वेळ घेते, पण भज्यांचा घाणा टाकल्यावर तेल पटकन थंड होत नाही, म्हणून भजी तेल पीत नाहीत. तेलात पिठाचा थेंब टाकावा. तो तळाला जाऊन लगेच वर आला की तेल तयार. रोज तेच तेल तापवत मात्र राहू नये. काळपट, दाट, फेसाळणारे तेल पुन्हा वापरायचे नाही. तीस दिवस तळण खाणाऱ्या महिन्यात हे जास्तच पाळायला हवे.

आणि खापर. मातीचे मोठे भांडे चुलीवर पालथे घालावे तसे हे साधन. पुरण भरलेली पोळी खानदेशी बाई दोन्ही हातांवर, मनगटांपासून कोपरांपर्यंत खेळवत मोठी करते आणि या तापल्या खापरावर टाकते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी हा थाट असतो. मुस्लिम लग्नात रुमाली रोटी हवेत फिरवून पालथ्या कढईवर टाकणारा आचारी पाहिला की ही दोन्ही कामे एकाच घराण्यातली वाटतात. खापर घेताना बोटाच्या मागच्या बाजूने टिचकी मारावी. खणखणीत वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर आत चीर आहे. नवे खापर पाण्यात भिजवून, सुकवून, पहिल्यांदा अगदी मंद आचेवर तापवावे. कुंभाराकडची ही एक खरेदी चार-दोन वर्षांनी का होईना, जरूर करावी. ती थांबली तर खापर घडवणारा हातही थांबेल.

देग आणि तिची कल्हई

‘देग’ हा शब्द फारसी. ‘तवा’ही फारसीतल्या ‘ताबा’वरून आलेला, ‘पेला’ म्हणजे ‘पियाला’, ‘कल्हई’ अरबी ‘कलई’. ‘कढई’ संस्कृत कटाहाची लेक, ‘घमेले’ आणि ‘बालदी’ पोर्तुगीजांकडून आली. मराठी बाईच्या मांडणीवर हे सगळे शेजारी शेजारी पालथे पडलेले असतात आणि कुणाची जात-पात निघत नाही.

तांब्याची देग ही दावतीची राणी. त्यामागे साधे विज्ञान आहे. तांबे लोखंडापेक्षा सुमारे पाचपट आणि स्टीलपेक्षा वीसपटींहून जास्त वेगाने उष्णता पसरवते. म्हणून शंभर माणसांचा खलिया देगेत बुडाला न लागता शिजतो आणि तोच पातळ स्टीलच्या पातेल्यात करपतो. पण तांब्याला आंबट चालत नाही. दही, टोमॅटो, चिंच यांनी ते कळकते आणि अन्न बिघडते. म्हणून आतून कथलाचा मुलामा, म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडे आधी घासून साफ करतो, भट्टीवर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथील टेकवून कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून फिरवतो. काळे भांडे चांदीसारखे होते. मुले भोवती उभी राहून हे पाहत असत; आता कल्हईवाल्याची हाक क्वचित कानी येते.

कथील २३२ अंशांना वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे कधी तापवू नये, त्यात थेट फोडणी करपवू नये आणि तारेच्या घासणीने घासू नये. आतून तांबूस डाग दिसू लागले की पुन्हा कल्हई करून घ्यावी. कल्हईत शुद्ध कथीलच वापरले जाते ना, हे ओळखीच्या कारागिराकडून करून घ्यावे. शिसे मिसळलेला स्वस्त मुलामा अंगाला घातक.

घरात देग नसली तरी अडत नाही. अनेक ठिकाणी मशिदीच्या जमातीकडे मोठ्या देगा असतात आणि लग्नकार्याला, नियाजला त्या नेता येतात, जशी गावच्या मंदिराची सामाईक भांडी भंडाऱ्याला वापरली जातात. वर्षातून एकदा लागणारी वस्तू गावाने मिळून ठेवावी, हा सलीका जुन्या माणसांनी आधीच घालून दिला आहे. पितळेची, तांब्याची भांडी मोडीत घालून स्टील आणण्याची लाट घरोघर येऊन गेली. ज्यांच्याकडे आजीच्या नावाचे, टिंबाटिंबांनी कोरलेले एखादे पातेले उरले असेल, त्यांनी ते मोडीत देऊ नये. कल्हई करून वापरात आणावे.

रोजच्या दुधाला आणि ईदच्या शीरखुर्म्याला जाड किंवा दुहेरी तळाचे स्टील पातेले घ्यावे. त्या तळात ॲल्युमिनियमचा थर दाबलेला असतो, तो उष्णता सारखी पसरवतो. ज्याला गावात ‘जर्मन’ म्हणतात ते साधे ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पाणी तापवायला, भात शिजवायला ठीक. आंबट पदार्थ मात्र त्यात ठेवू नयेत. इंडक्शन शेगडी घेणाऱ्यांनी दुकानात जाताना एक लोहचुंबक खिशात ठेवावा. तळाला तो चिकटला तर भांडे शेगडीवर चालेल, नाहीतर नाही.

लहान साधने, मोठी सोय

सहरीसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे उष्णता टिकवणारा पोळ्यांचा डबा आणि चहाचा थर्मास. पण त्याला एक मर्यादा आहे. इफ्तारला उरलेले सालन किंवा भात कोमट अवस्थेत रात्रभर अशा डब्यात ठेवू नये. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त तसेच राहू देऊ नये, हा साधा नियम आहे. ते फ्रिजमध्ये ठेवावे आणि सहरीला वाफाळेपर्यंत पुन्हा गरम करावे. उपाशीपोटी दिवस काढणाऱ्याला अन्नाची बाधा दुप्पट जड जाते.

न चाखता स्वयंपाक करणाऱ्या घरात मिठाचा एक ठरलेला चमचा असावा. तोच चमचा, तेच पातेले, तेवढेच पाणी. मग अंदाज चुकत नाही. लहान डिजिटल वजनकाटा आता सहज मिळतो. खारी, नानकटाई, केक करणाऱ्या मुलींना तो वाटीपेक्षा जास्त साथ देतो.

अडकित्ता हे सुपारीपुरते साधन समजले जाते, पण शीरखुर्म्यासाठी खारीक आणि बदाम कापायला त्याच्यासारखा हात नाही. ‘शीर’ म्हणजे दूध, ‘खुर्मा’ म्हणजे खजूर; त्या दोघांमध्ये येणारी टणक खारीक सुरीने कापताना बोटे कापून घेणाऱ्या कमी नाहीत. भाजीसाठी विळी की सुरी, हा वाद गुडघ्यांवर सोडावा. ज्यांना खाली बसता येते त्यांना विळीवर दोन्ही हात मोकळे राहतात. ज्यांना येत नाही त्यांनी चांगली सुरी, लाकडी पाट आणि धार लावायचा दगड घ्यावा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते.

शेवयांचे हाताने फिरवायचे यंत्र आणि पितळी सोऱ्या या दोन वस्तू ज्या घरी असतील त्या घराला शेजार तुटत नाही. उन्हाळ्यात खाटेवर वाळणाऱ्या शेवया दिवाळसणालाही लागतात आणि ईदलाही. गल्लीत दोन यंत्रे असली तरी दहा घरांचे भागते.

आणि ते एअर फ्रायर? त्यात पंखा गरम हवा फिरवतो आणि कमी तेलात समोसा कुरकुरीत होतो, हे खरे. पण त्याला बाराशे-पंधराशे वॅट वीज आणि मोठा प्लग लागतो, वीज गेली की तो गप्प, आणि एका वेळी पाच-सहा समोसेच बसतात. दोन-तीन माणसांच्या घरी, विशेषतः तेल वर्ज्य केलेल्या वडीलधाऱ्यांसाठी, तो जरूर घ्यावा. दहा जणांच्या दस्तरखानाला कढईच बरी.

ज्यांचा खिसा लहान

सगळ्यांना सगळे घेता येत नाही. मजुरीवर चालणाऱ्या घरात क्रम असा धरावा : आधी गॅसची नळी आणि कुकरचे रबर, मग धार लावलेली सुरी, मग लोखंडी तवा, मग घोटणे, आणि त्यातून उरले तर मिक्सर. बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर मिळालेले पातेलेही जाड तळाचे निवडावे. तिच्या टोपलीत चकाकणारे सगळे जाड नसते, उचलून वजन पाहावे. रमजानमध्ये जकात आणि सदका देणाऱ्यांनीही याचा विचार करायला हरकत नाही. एखाद्या विधवेला किंवा नवे घर मांडणाऱ्या जोडप्याला धान्याबरोबर एक चांगला कुकर मिळाला, तर तीस दिवसांत संपणाऱ्या शिध्यापेक्षा तो पंधरा वर्षे तिच्या पहाटा सोप्या करतो.

रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एका बाईच्या हयातीत तो कधी भर उन्हाळ्यात येतो, कधी कडाक्याच्या थंडीत. आज घेतलेला चांगला तवा किंवा नीट सांभाळलेली देग यातला बराच प्रवास तिच्यासोबत करू शकते. आणि स्वयंपाकघरातली एक वस्तू अशी आहे जी कुठल्याच दुकानात वेगळी मिळत नाही : इफ्तारच्या वेळी शेजारच्या घरी जाणारा झाकणाचा स्टीलचा डबा. भजी घेऊन गेलेला तो डबा पाटलांच्या घरून रिकामा परत येत नाही, आणि आखाजीला मांडे घेऊन आलेला डबा शेखांच्या घरूनही रिकामा जात नाही. असा एक डबा, जरा मोठाच, प्रत्येकाने घेऊन ठेवावा.